बंदूक खांद्याला बसेना, तर चूक कोणाची?

एनसीसीच्या कॅम्पमध्ये माझ्या टार्गेटचा कागद जवळपास कोराच परत यायचा. माझी उंची कमी. रायफल खांद्याला लावली की बोटाचं जेमतेम टोक ट्रिगरला पोचायचं. शिकवणारे म्हणाले, "तुझा नेमच नाही." मी ते कितीतरी वर्षं खरं मानलं.

आज हे सांगतेय, कारण तुमच्यापैकी अनेकजण सध्या संशोधनाचा विषय शोधताय. 'नेम चुकतो' हे निरीक्षण झालं. 'नेमबाज कच्चा आहे' हे त्याचं फक्त एक स्पष्टीकरण. दुसरं स्पष्टीकरण शोधायला लोकांना किती काळ लागला, त्याचा हा छोटा इतिहास.

रायफलीच्या लाकडी मागच्या भागाला दस्ता म्हणतात. कॅम्पवर सगळे 'बट' म्हणतात. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर हाताला जास्त झालं, की मान पुढे ताणावी लागते, दस्ता खांद्यात नीट बसत नाही आणि बोट ट्रिगरवर अर्धवट येतं. मग ओढताना नळी बाजूला सरकते. म्हणजे दोष दिसतो बोटात, पण असतो लाकडात.

ब्रिटिश सैन्याला हे लवकर कळलं होतं. त्यांच्या ली-एनफील्ड रायफलीचा दस्ता वेगळा जोडलेला असे, म्हणून तो बदलता यायचा. लांब, नेहमीचा आणि आखूड असे प्रकार होते. १९१४ साली बर्कनहेडमध्ये ५ फूट ३ इंचांहून बुटक्या पुरुषांच्या 'बँटम' पलटणी उभ्या राहिल्या. त्याच नावाचा, आणखी आखूड दस्ताही आला. पुढे सेमी-ऑटोमॅटिक एसएलआर आली, तेव्हाही ब्रिटिशांनी दस्त्याची वेगवेगळी मापं ठेवली. याच घराण्यातली रायफल आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनली आणि सैन्यात, पोलिसांत दशकानुदशकं वापरली गेली.

अमेरिकेच्या एम-१६ची गोष्ट वेगळी. तिची स्प्रिंग दस्त्यातल्या नळीत असते, त्यामुळे दस्ता मनाला येईल तसा कापता येत नाही. गंमत बघा, हाताचा विचार झालाच नव्हता असं नाही. थंडीत जाड हातमोजे घालून बोट आत जावं म्हणून ट्रिगरखालची पट्टी उघडता येत होती! पण १९८०च्या दशकातल्या एम-१६ए२चा दस्ता आधीपेक्षा सुमारे १.६ सेंटिमीटर लांब केला गेला. उंच सैनिकाला तो बरा. आखूड हातांच्या सैनिकाला, त्यातही अंगावर चिलखत असेल तर, अडचणीचा. शेवटी मागे-पुढे सरकणारा दस्ता असलेली एम-४ १९९४ साली स्वीकारली गेली. तिथे एकच 'योग्य' माप शोधणं थांबलं.

हाच धडा अमेरिकी हवाई दलाला विमानात मिळाला होता. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची १० मापं तपासली. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत येणारा, म्हणजे दहाही मापांत 'सरासरी' असणारा वैमानिक किती? शून्य. १९५२ साली हा अहवाल आला. आता कागद घ्या आणि ०.३ चा दहावा घात काढा. दहा लाखांत साधारण ६! मापं एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून हे गणित तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा कळते. उपाय साधा निघाला: आसन आणि पेडल हलवता येतील असे करा.

तर सिनॉप्सिस लिहिताना एक काम करा. तुमच्या प्रश्नात काय बदलतं आणि काय 'ठरलेलंच' धरलंय, याच्या दोन याद्या बनवा. दुसऱ्या यादीतली एकेक ओळ खोडून बघा. गाईडना ती यादी दाखवा. चर्चा तिथूनच सुरू होते.

आणि माझं? गेल्या वर्षी एका रेंजवर आखूड दस्त्याची एअर रायफल हातात आली. दहापैकी सात छर्रे काळ्या गोलात लागले. अर्थात, नमुना एकच, रायफल वेगळी आणि मधे दहा वर्षं गेलेली. हा पुरावा नाही, हे मलाही कळतं. पण तो कागद मी टेबलासमोर चिकटवून ठेवलाय.