एल्फिन्स्टन रोड ते प्रभादेवी : एका उपनगरी रेल्वे स्थानकाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

भारतीय रेल्वेच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीपासून केला जातो. त्यानंतर घाटातील बोगदे, मोठे पूल, भव्य स्थानके आणि ती उभारणारे अभियंते यांची माहिती येते. याउलट, जेथे लोकल गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही अशा मधल्या स्थानकांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. अशा स्थानकांची ओळख फार तर त्यांच्या नावाच्या व्युत्पत्तीपुरती करून दिली जाते.

पश्चिम रेल्वेवरील दादर आणि लोअर परळ यांच्यामधील प्रभादेवी, म्हणजेच पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड, हे असेच एक स्थानक आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी येथील पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांना प्राण गमवावे लागले. या घटनेची चर्चा प्रामुख्याने त्या दिवशीचा पाऊस, गर्दी आणि प्रशासकीय दिरंगाई या अंगांनी झाली. ही कारणे खरी असली तरी ती अपुरी आहेत. या दुर्घटनेची मुळे स्थानकाभोवतीच्या परिसरातील श्रम, निवास आणि जमीन यांच्या बदललेल्या संबंधांत शोधावी लागतात, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थानकाचे स्थान व नाव

या परिसरात दोन लोहमार्ग एकमेकांच्या अगदी जवळून जातात. एक ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, तर दुसरा बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, रेल्वेची पुनर्रचना होऊन त्यांतून अनुक्रमे मध्य व पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड ही शेजारशेजारची स्थानके दोन स्वतंत्र प्रशासनांखाली राहिली. त्यांना जोडणारा पादचारी पूल हा दोन्ही मार्गांच्या प्रवाशांचा सामाईक रस्ता होता.

स्थानकाच्या नावातील एल्फिन्स्टन म्हणजे १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन होत. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे नाव ज्यांच्यावरून पडले ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे त्यांचे चुलते. या दोघांची गल्लत अनेकदा केली जाते. परळ आणि गव्हर्नर यांचा संबंध मात्र केवळ नावापुरता नव्हता. गव्हर्नरांचे निवासस्थान दीर्घकाळ परळ येथे होते. पुढे ते मलबार हिलवर हलविण्यात आले आणि १८९६ च्या प्लेगनंतर, १८९९ मध्ये, त्या जुन्या वास्तूत डॉ. हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली. सत्ताधाऱ्यांची निवांत वस्ती ते दाट श्रमिक वस्ती हे परळचे स्थित्यंतर या एका वास्तूच्या इतिहासातूनही दिसते.

पायी चालणारे गिरणगाव

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ पासून उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत भायखळा, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, शिवडी या पट्ट्यात कापड गिरण्यांची दाटी झाली. दोन्ही रेल्वे कंपन्यांचे मोठे कारखानेही याच भागात, परळ व लोअर परळ येथे होते. म्हणजे येथील श्रमिकांच्या दृष्टीने रेल्वे ही प्रवासाचे साधन होण्याआधी रोजगार देणारी मालक होती.

गिरणी कामगार गिरणीजवळच राहत असे. पहाटेच्या भोंग्याला वेळेवर पोहोचणे हे त्याचे एक कारण होते; पण ते एकमेव नव्हते. बदली कामगाराला रोज गिरणीच्या दरवाजावर उभे राहून काम मिळवावे लागे आणि ते देणे जॉबरच्या हाती असे. उधारीवर किराणा देणारा वाणी, जेवण पुरविणारी खाणावळवाली आणि खोलीत पथारी पसरायला जागा देणारा गाववाला हे सर्व त्याच वस्तीत होते. मुंबईच्या कामगारवर्गाचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी कामगारांच्या जीवनातील मोहल्ल्याचे हे महत्त्व आपल्या लेखनातून सविस्तर मांडले आहे. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींमुळे कामाची आणि राहण्याची जागा यांतील हे सान्निध्य अधिकच पक्के झाले.

या रचनेचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. शहरातील दाट श्रमिक वस्तीच्या मध्यभागी असूनही हे स्थानक त्या वस्तीच्या रोजच्या कामाचे साधन नव्हते. कामगार पायी गिरणीत जात आणि पायीच घरी परतत. पाळ्यांच्या पद्धतीमुळे रस्त्यावरील वर्दळही दिवसभरात विभागली जाई. बहुसंख्य कामगारांना गावी जातानाही या स्थानकाचा उपयोग नव्हता. सातारा, पुणे या बाजूच्या लोकांना मध्य रेल्वेची गाडी पकडावी लागे, तर कोकणातल्या चाकरमान्यांसाठी दीर्घकाळ बोटीचा प्रवास हाच मुख्य मार्ग होता. केईएम (१९२६) व टाटा (१९४१) या रुग्णालयांत येणारे रुग्ण व नातेवाईक, शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांची येथे ये-जा होती. परंतु परिसराच्या मुख्य उद्योगाचा भार स्थानकावर नव्हता.

संप, जमीन आणि प्रवाहाची दिशा

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेण्यात आला नाही. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीला अधिक मोल आले.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार, गिरणीच्या जमिनीचा विकास करताना तिचे साधारणपणे तीन वाटे अपेक्षित होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली. परिणामी, सार्वजनिक वापरासाठी मिळणारे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निर्णय दिला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. दरम्यान, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ज्युपिटर व एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जमिनींचे २००५ मध्ये लिलाव झाले होते. त्या जागी उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या.

या बदलाचे वर्णन गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, असे केले जाते. स्थानकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होता. ज्या जमिनीवर पूर्वी शेजारच्या चाळींतून चालत येणारे लोक काम करीत, त्याच जमिनीवर आता विरार, कल्याण, पनवेल यांसारख्या दूरच्या उपनगरांतून लोकलने येणारे लोक काम करू लागले. पाळ्यांमध्ये विभागलेली वर्दळ सकाळ-संध्याकाळच्या मोजक्या तासांत एकवटली. मध्य रेल्वेने परळला उतरणाऱ्यांना पश्चिमेकडील कार्यालयांत जाण्यासाठी त्याच पादचारी पुलाचा आधार होता. चाळीतील खोली विकून डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा अशा ठिकाणी गेलेली गिरणी कामगारांची कुटुंबेही कमी नाहीत. त्यांच्या पुढच्या पिढीतील जे कामासाठी पुन्हा या भागात येऊ लागले ते प्रवासी म्हणून आले. जमिनीचा वापर बदलण्यास परवानगी देणाऱ्या यंत्रणा एकीकडे आणि पूल व जिने बांधणारी रेल्वे दुसरीकडे, अशी विभागणी असल्याने बदललेल्या गर्दीचा हिशेब एकत्रितपणे कोणाच्याच वहीत मांडला गेला नाही.

२९ सप्टेंबर २०१७ आणि त्यानंतर

तो दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा शुक्रवार होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. पावसामुळे लोक पुलावर थांबून राहिले, गाड्यांतून उतरणाऱ्यांची भर पडत गेली आणि अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. नव्या, रुंद पुलाला त्यापूर्वीच मंजुरी मिळालेली होती. तो बांधला गेला नव्हता. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाकडे काम सोपविण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पूल खुला झाला. जे काम दीर्घकाळ कागदावर राहिले ते पाच महिन्यांत पूर्ण होऊ शकले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

स्थानकाचे नाव बदलण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये संमत केला होता. १९ जुलै २०१८ पासून परिसरातील प्रभावती देवीच्या प्राचीन देवस्थानाशी निगडित असे प्रभादेवी हे नाव अमलात आले. वासाहतिक नाव जाऊन स्थानिक नाव येणे स्वागतार्हच आहे. परंतु दुर्घटना घडली त्या दिवशी नवे नाव आणि नवा पूल हे दोन्ही केवळ कागदावर होते, हे अभ्यासकाने नोंदविले पाहिजे. मार्च २०१९ मध्ये परळ टर्मिनस सुरू झाले. शतकाहून अधिक जुना एल्फिन्स्टन रोडचा रस्तापूल शिवडी-वरळी उन्नत मार्गाच्या कामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीस बंद करण्यात आला. जुन्या नावाची ही मोठी खूणही अशा रीतीने वापरातून गेली.

समारोप

या स्थानकाच्या इतिहासातून असे दिसते की, वस्तीचा पायी चालण्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय तेथील रेल्वे प्रवासाचा इतिहास समजत नाही. गर्दी ही आकस्मिक आपत्ती नसते. कामाची जागा व घर यांच्यातील अंतर वाढत जाते तशी ती हळूहळू तयार होते. गिरणी कामगारांच्या आठवणी मीना मेनन व नीरा आडारकर यांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित केल्या. त्याच धर्तीवर स्थानकावरील तिकीट खिडकीचे कर्मचारी, हमाल, फेरीवाले आणि नित्याचे प्रवासी यांच्या आठवणीही नोंदविल्या गेल्या पाहिजेत. उपनगरांतील प्रत्येक महाविद्यालयाजवळ एखादे तरी स्थानक आहे. कोण, कोठून, कोणत्या वेळी आणि कोणत्या जिन्याने येते, एवढे चार प्रश्न घेऊन विद्यार्थ्यांना तेथे पाठविता आले, तर स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाला नवे साधन मिळेल. प्रभादेवी येथे हे प्रश्न २३ जणांच्या मृत्यूनंतर विचारले गेले. अन्यत्र ते वेळीच विचारले जावेत, एवढी अपेक्षा या अभ्यासातून व्यक्त करावीशी वाटते.