चालते दफ्तर



हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात वारंगा फाटा म्हणून एक ठिकाण आहे. नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता येथे दुभंगतो. एक शाखा हिंगोली-वाशीमकडे जाते. दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरची वाट धरते. अशा जागी वाटसरूस गावाचा पत्ता दोन रीतींनी सांगता येतो. ‘फाट्यावरून डावीकडे वळा’ ही एक रीत. आणि जिल्हा, तालुका, गाव असे मुळापासून उतरत जाणे ही दुसरी. पहिली आटोपशीर खरी. परंतु ऐकणारा कोठे उभा आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे, यावर तिचे खरेखोटेपण अवलंबून असते.

संगणकास एखादा लेख कोठे ठेवला आहे हे सांगण्याच्याही याच दोन रीती आहेत. लेखास ‘फाइल’ व लेखांच्या संग्रहास ‘डिरेक्टरी’ ही नावे परकी असली, तरी त्यांमागील व्यवहार महाराष्ट्रास मुळीच नवा नाही. त्याचाच थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

ज्या औंढा नागनाथाचे मंदिर आज हिंगोली जिल्ह्यात मोडते, तो मुलूख एके काळी देवगिरीच्या यादवांचा. तेराव्या शतकात महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेला हेमाद्रि पंडित ‘श्रीकरणाधिप’ होता, म्हणजे राज्याच्या लेखनकार्यालयाचा मुख्य. मोडी लिपीचे श्रेय परंपरा त्यालाच देते. राज्य तलवारीने मिळत असेल, परंतु ते टिकते कागदाने, ही जाणीव तेव्हापासूनची आहे.

पेशवाईत या व्यवहारास पूर्ण रूप आले. हुजूर दफ्तराच्या अनेक शाखांपैकी दोन प्रमुख होत्या. चालू कारभाराचे कागद फडणिसाच्या देखरेखीखालील ‘चालते दफ्तर’ सांभाळी. ‘एकबेरीज दफ्तर’ पुण्यास असे, आणि तेथे निरनिराळ्या खात्यांचे हिशेब येऊन तारीखवार लागत. त्यांवरून तर्जुमे, म्हणजे गोषवारे, निघत. बाबवार खतावणी होई. कागद रुमालात बांधून ठेवीत. मूळ नोंद न बिघडविता तिची क्रमवारी लावणे, तीतून हवे तेवढे वेचणे आणि गोषवारा काढणे, हेच काम आज यंत्राकडून करून घेतले जाते.

या मांडणीवर किती लोकांचे दैव टांगले होते, ते इंग्रजी अमलात दिसून आले. 1818 साली पेशवाई बुडाली व दफ्तर कंपनी सरकारच्या हाती गेले. पुढे इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासावयास घेतले. 1852 च्या कायद्याने त्याचे अधिकार पक्के झाले. ज्यांना आपला हक्क कागदाने शाबीत करता आला नाही, अशा अनेकांच्या जमिनी खालसा झाल्या. 1930 ते 1934 या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी याच दफ्तरातून वेचे काढून 45 भाग सिद्ध केले, तेव्हा ते इतिहासाचे भांडार ठरले.

आता यंत्राकडे वळू. 1965 साली मल्टिक्स या प्रणालीच्या रचनाकारांनी डिरेक्टरीच्या पोटी डिरेक्टरी अशी वृक्षासारखी मांडणी जाहीर केली. 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला आणि ही मांडणी सुटसुटीत केली. युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणजे केवळ एक यादी: नाव आणि त्यापुढे फाइलीचा क्रमांक. म्हणून एकाच फाइलीस दोन नावे असू शकतात. आणि त्याच साठ्यात फाइल ‘हलविली’ तर मजकूर जागचा हलत नाही, यादीतील नोंद तेवढी बदलते.

मनुष्याची लेखी आज्ञा यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोचविणारा कारकून म्हणजे ‘शेल’. स्टीफन बॉर्न यांचा शेल 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. ब्रायन फॉक्स यांचा ‘बॅश’ 1989 साली. अनेक आज्ञा ओळीने लिहून ठेवल्या की ‘स्क्रिप्ट’ झाली. ज्या डिरेक्टरीत काम चालले आहे तिला आपण खुशाल चालते दफ्तर म्हणावे.

हा कारकून आज्ञाधारक आहे, परंतु विवेकी नाही. ‘जुने या डिरेक्टरीत जा, तेथील सर्व फाइली काढून टाक’ अशा दोन ओळी लिहिल्या आणि ‘जुने’ नावाची डिरेक्टरीच नसली, तर पहिली आज्ञा फसते, तथापि तो सामान्यतः न थांबता दुसरी पाळतो, आणि उभा असेल तेथील फाइली नाहीशा करतो. नावात मोकळी जागा असली व अवतरणचिन्हे घातली नसली, तर ‘हिंगोली नोंदी’ ही त्यास दोन निरनिराळी नावे वाटतात. काढण्याच्या आज्ञेने यादीतील नाव जाते. शेवटचे नाव गेले की जागा दुसऱ्या मजकुरास मोकळी होते. तेथे रद्दीची टोपली नसते.

यावर उपाय जुन्या कारकुनाचेच आहेत. स्थळ मुळापासून पूर्ण लिहावे. जाण्याची आज्ञा फसल्यास तेथेच थांबण्याची ताकीद द्यावी. नावे अवतरणचिन्हांत घालावी. काढण्यापूर्वी काय काढले जाणार त्याची यादी पाहावी, आणि नक्कल अन्यत्र ठेवावी.

2023 साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी व उर्दूतील जुने कागद पुन्हा उलगडले गेले. शेकडो वर्षांचा कागद वाचून दाखविणारा जाणता अजून भेटतो. एका चुकीच्या ओळीने पुसलेली, नक्कल नसलेली फाइल मात्र कोणत्याही जाणत्यास बहुधा वाचता येणार नाही. म्हणून आज ज्यांच्या हाती ही नवी दफ्तरे आहेत, त्यांच्यावर फडणिसापेक्षा अधिक जोखीम आहे.