इंग्रजीतील अव्यययुक्त क्रियापदे : एक दुर्लक्षित इतिहास

इंग्रजी गद्याच्या अनुवादकाला जड शब्दांचे भय फारसे नसते. त्यांच्यासाठी कोश असतात, आणि कोश अपुरे पडले तर संस्कृतचा आधार असतो. त्याची खरी परीक्षा घेतात ती ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘पुट’, ‘सेट’ ही चिमुकली क्रियापदे आणि त्यांच्यामागून येणारी ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ ही अव्यये. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हार मानणे. हा अर्थ दोन पदांच्या बेरजेत सापडत नाही. त्याचा माग इतिहासातच काढावा लागतो.

प्राचीन इंग्रजीत असे अव्यय पुष्कळदा क्रियापदाच्या आधी येई. आपल्याकडे प्रहार, संहार, विहार या शब्दांत उपसर्ग धातूचा अर्थ पालटतो, त्याच जातीचा हा प्रकार. नवव्या शतकात डेन लोक इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत स्थायिक झाले. त्यांच्या भाषेत अव्यय क्रियापदामागून येई. ‘टेक’ हे क्रियापद तर इंग्रजीला त्यांच्याकडूनच मिळाले. या सहवासाने नव्या रचनेला बळ आले, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. पीटरबरोच्या मठातील बखरीत ११३७ सालाच्या नोंदीत राजा स्टीफनने धर्माधिकाऱ्यांना बंदीत टाकल्याची हकीकत आहे. त्यांनी गड स्वाधीन करीपर्यंत त्यांची सुटका झाली नाही. ‘स्वाधीन करणे’ या अर्थी तेथे ‘गिव्ह अप’चेच जुने रूप आले आहे.

तोवर १०६६ च्या नॉर्मन विजयाने भाषेत दोन थर निर्माण केले होते. दरबार फ्रेंच बोले, विद्वान लॅटिन लिहीत. चूल आणि शेत यांची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’ असे शब्द आणले. त्याच अर्थांसाठी लोकांच्या तोंडी ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट आउट’ हे प्रयोग रुळले. एका ‘पुट’ने तिन्ही कामे भागवली.

सॅम्युएल जॉन्सन हा स्वतः लॅटिनप्रचुर शैलीचा लेखक. तरीही १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने मान्य केले की, परकीयांना सर्वाधिक अडखळवतात ते हेच प्रयोग, आणि म्हणून त्याने ते कसोशीने टिपले. ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या पहिल्या आवृत्तीत (१८८४–१९२८) सर्वांत लांब नोंद एखाद्या पंडिती शब्दाची नव्हे, तर ‘सेट’ची आहे. एवढे असूनही या रचनेला आज रूढ असलेले ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव १९२५ मध्ये लोगन पिअर्सल स्मिथने आपल्या पुस्तकात दिले. ते सुचविणारे हेन्री ब्रॅडली हे त्याच महाकोशाचे एक संपादक. बखरीतील त्या नोंदीनंतर सुमारे पावणेआठशे वर्षांनी हे बारसे झाले!

या इतिहासाशी आपला संबंध काय? आपल्या देशात इंग्रजी मुख्यतः शाळा-महाविद्यालयांच्या वाटेने, ग्रंथांतून आली. त्यामुळे तिचा वरचा थर आपल्याला आधी कळला आणि खालचा परका राहिला. कादंबरीतील मोलकरीण ‘पुट आउट’ म्हणते आणि न्यायाधीश ‘एक्स्टिंग्विश’ म्हणतो. अनुवादात दोघेही ‘विझवणे’ म्हणू लागले की माणसांमधले अंतरच पुसले जाते. वास्तविक मराठीची मोलकरीण दिवा ‘विझवत’ही नाही, तो शब्द अशुभ, म्हणून ती ‘मालवते’.

साधन आपल्या घरीच आहे. इंग्रजी जे काम अव्ययावर सोपवते, ते मराठी पुष्कळदा दुसऱ्या क्रियापदावर सोपवते. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणे. येथे ‘टाकणे’ काही फेकत नाही, जसे तेथे ‘अप’ काही वर नेत नाही. दोन्ही भाषांनी क्रियेची पूर्तता दाखविण्यासाठी आपापल्या घरातले झिजलेले नाणे वापरले आहे. अनुवादकाने शब्दाला शब्द न शोधता त्या नाण्याला आपल्या घरचे नाणे शोधावे. मग मोलकरीण मोलकरणीसारखी बोलू लागेल, आणि न्यायाधीशाला त्याचे संस्कृत खुशाल लाभू द्यावे.