कारखान्याची खुर्ची आणि उसाचा दर: संशोधकांना नेमकं काय सापडलं?

"यंदा पहिली उचल किती?"

कोल्हापूर जिल्ह्यात दसरा-दिवाळी जवळ आली की चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत हा प्रश्न फिरायला लागतो. जयसिंगपूरला स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद होते, दराची मागणी जाहीर होते आणि मग कारखाने आकडे जाहीर करायला सुरुवात करतात. शेजारच्या कारखान्यानं टनाला 50 रुपये जास्त दिले, तर "आपल्याला का नाही?" हा पुढचा प्रश्न ठरलेला.

त्यावर गावात दोन उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, "उतारा कमी पडला." कुणी म्हणतं, "साहेबांना इलेक्शन लढवायचंय." दुसरं उत्तर हसण्यावारी नेलं जातं. पण जगातल्या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न गांभीर्यानं घेतला आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे वर्षानुवर्षांचे आकडे तपासले. त्यातून काय निघालं, ते समजून घेऊया.

आधी हे पाहू: उसाचा दर ठरतो कसा?

केंद्र सरकार दरवर्षी उसाचा किमान दर जाहीर करतं. त्याला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी म्हणतात. 2009 पर्यंत याच जागी एसएमपी, म्हणजे वैधानिक किमान किंमत होती. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यायची तरतूद आहे.

2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी आहे. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, ते प्रमाण. त्यापुढे उतारा दर 0.1 टक्क्यानं वाढला की क्विंटलला 3.46 रुपये वाढतात.

एक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा 12.25 टक्के आहे. त्याची एफआरपी टनाला साधारण 4,242 रुपये होते. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो 850 रुपये धरला, तर शेतकऱ्याच्या खात्यावर 3,392 रुपये जमा होतात.

पण एफआरपी ही खालची मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त किती द्यायचं, हे कारखान्याच्या हिशेबावर अवलंबून असतं. सहकारी कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा असतो. त्यामुळे खर्च, कर्जाचे हप्ते आणि राखीव निधी वजा जाता उरलेला पैसा उसाच्या दरातून सभासदाकडे परत यायला हवा.

खरी मेख इथंच आहे. 10 लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यानं टनाला फक्त 10 रुपये कमी दिले, तर कारखान्याकडे 1 कोटी रुपये राहतात. 40 टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान मात्र 400 रुपयांचं. एवढ्यासाठी कुणी भांडायला जात नाही. म्हणून ते 1 कोटी कुठे खर्च करायचे हे कोण ठरवतं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

कारखाना आणि राजकारण इतके जवळ कसे आले?

महाराष्ट्रातल्या साखर सहकाराची सुरुवातच एका अर्थतज्ज्ञाच्या साथीनं झाली. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. त्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. शेतकऱ्यांना सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या तावडीतून सोडवायचं, हा त्यामागचा विचार होता.

कोल्हापूर भागातही हे वारं लवकर पोहोचलं. संविधान सभेचे सदस्य राहिलेल्या रत्नाप्पाण्णा कुंभारांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा कारखाना उभारला. तात्यासाहेब कोरेंनी वारणेच्या माळावर कारखाना आणि त्याभोवती वारणानगर वसवलं. पुढे शिरोळ, कागल, बिद्री, कुडित्रे, परिते, हुपरी अशा ठिकाणी कारखान्यांची धुराडी दिसू लागली.

कारखाना आला की त्यासोबत नोकऱ्या, वाहतुकीची कंत्राटं, शाळा, कॉलेज, दवाखाने आले. हजारो सभासदांशी थेट संबंध आला. कायद्यानं प्रत्येक सभासदाला एकच मत असतं, मग त्याची जमीन वीस गुंठे असो की वीस एकर. त्यामुळे कारखान्याची निवडणूक जिंकणं म्हणजे विधानसभेची अर्धी तयारी झाल्यासारखं असतं. 2023 मध्ये कसबा बावड्याच्या छत्रपती राजाराम कारखान्याच्या निवडणुकीत जिल्ह्यातले दोन मोठे गट आमनेसामने आले, तेव्हा 'कंडका पाडायचा' ही घोषणा कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेरही सोशल मीडियावर गाजली होती.

संशोधन पहिलं: मोठ्याला छोट्याची गरज असते

समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव परिसरात राहून साखर सहकाराचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1980 मध्ये आलं. कॅनडातले मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवूड यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस शेतीवर अनेक वर्षं काम केलं. 1992 मध्ये त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं.

देशात इतर ठिकाणी सहकारी संस्था बुडत असताना इथले कारखाने का टिकले, हा दोघांपुढचा प्रश्न होता. उत्तराचा एक भाग उसातच आहे. ऊस तोडला की लगेच सुकायला लागतो, वजन घटतं आणि साखरही कमी होते. तो वेळेत गाळावा लागतो. कारखाना पूर्ण क्षमतेनं चालवायचा, तर फक्त मोठ्या बागायतदारांचा ऊस पुरत नाही. छोट्या शेतकऱ्यांचा ऊस लागतोच. कारखाना नीट चालण्यात दोघांचंही हित असल्यानं मोठ्यांना छोट्यांना पूर्ण डावलणं परवडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

संशोधन दुसरं: हित एक, पण ताकद वेगळी

2001 मध्ये अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज राय या चार अर्थशास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला. यातल्या बॅनर्जींना पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी महाराष्ट्रातल्या जवळपास 100 सहकारी कारखान्यांचे 1971 ते 1993 या काळातले आकडे तपासले.

त्यांचा मुद्दा असा. मत सगळ्यांना एकच असलं, तरी प्रभाव सारखा नसतो. मोठ्या बागायतदाराकडे पैसा, वेळ आणि ओळखी असतात. संचालक मंडळावर त्याचं वजन जास्त पडतं. आता त्याला कारखान्यातून स्वतःचा फायदा करून घ्यायचा असेल, तर तो काय करेल? गरीब सभासदाकडून थेट पैसे मागता येत नाहीत. पण उसाचा दर सगळ्यांसाठीच थोडा कमी ठेवता येतो. त्यातून कारखान्याकडे पैसा साठतो आणि तो पुढे हव्या त्या वाटेनं वळवता येतो. कमी दराचा फटका मोठ्यालाही बसतो, पण वळवलेल्या पैशातून त्याची भरपाई होते. छोट्याची होत नाही.

हे खरं असेल, तर आकड्यांत एक खूण दिसायला हवी. जिथं जवळपास सगळे शेतकरी छोटे आहेत किंवा सगळे मोठे आहेत, तिथं कुणी कुणाचं ओरबाडायचं? तिथं दर चांगला असेल. जिथं छोटे आणि मोठे अशी सरमिसळ आहे, तिथं दर कमी असेल आणि कारखान्याची गाळप क्षमताही कमी राहील. आकड्यांनी या अंदाजाला दुजोरा दिला. म्हणजे गावातल्या जमिनीच्या वाटपाचा परिणाम थेट उसाच्या बिलापर्यंत पोहोचतो.

संशोधन तिसरं: निवडणुकीच्या वर्षी काय होतं?

आता "साहेबांना इलेक्शन लढवायचंय" या उत्तराकडे येऊ. अर्थशास्त्रज्ञ संदीप सुखटणकर यांचा शोधनिबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी 1993 ते 2005 या काळातले महाराष्ट्रातले 180 हून अधिक कारखाने पाहिले. त्यातल्या निम्म्याहून अधिक कारखान्यांच्या अध्यक्षांनी या काळात कधी ना कधी विधानसभा किंवा लोकसभा लढवली होती.

त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. दर कमी असण्याची कारणं अनेक असतात. दुष्काळ पडतो, साखरेचा बाजार पडतो, कारखाना जुना असतो. मग निवडणुकीचा परिणाम वेगळा कसा काढायचा? त्यासाठी एकाच कारखान्याचं निवडणुकीचं वर्ष आणि बाकीची वर्षं यांची तुलना करायची. शिवाय ज्यांचा अध्यक्ष निवडणूक लढवत नाही, अशा कारखान्यांशीही ती ताडून पाहायची. दुष्काळ आणि बाजारभाव तर सगळ्यांनाच लागू असतात.

निष्कर्ष असा निघाला की राजकीय नेत्यांच्या ताब्यातल्या कारखान्यांनी निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी दर दिला. पैसा प्रचाराकडे वळत असल्याची ही खूण आहे, असं या निबंधात म्हटलं आहे.

मग शेतकरी गप्प का बसतात? सुखटणकर एक शक्यता मांडतात. नेता निवडून आला की त्याची भरपाई शेतकऱ्यांना मिळत असावी. आपला माणूस सत्तेत गेला तर कारखान्याचं भलं होईल, हा हिशेब सभासदही करत असतील. म्हणजे ही फसवणूकही असू शकते आणि न बोलता झालेला सौदाही.

यावरून एखाद्या कारखान्यावर आरोप करता येतो का?

नाही. ही गोष्ट फॉरवर्ड करण्याआधी लक्षात ठेवायला हवी. हे संशोधन अनेक कारखान्यांच्या आकड्यांतला सरासरी कल दाखवतं. अमुक कारखान्यात अमुक वर्षी घोटाळा झाला, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी लेखापरीक्षण आणि चौकशी लागते.

दुसरं म्हणजे, आकडे 2005 पर्यंतचे आहेत. त्यानंतर बरंच बदललं. खासगी कारखाने वाढले. इथेनॉल आणि सहवीजनिर्मितीचं उत्पन्न आलं. 2012 मध्ये रंगराजन समितीनं साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के, किंवा फक्त साखरेच्या उत्पन्नातला 75 टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा असं सुचवलं. महाराष्ट्रानं 2013 मध्ये त्या धर्तीवर कायदाही केला. हिशेब त्यामुळे अधिक नेमका व्हायला हवा, पण उपपदार्थ वाढल्यानं सामान्य सभासदाला तो समजणं अवघडही झालं.

तिसरं, मतदान हा दबावाचा एकमेव मार्ग नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये मागच्या हंगामातल्या उसाला टनामागे 400 रुपये जादा मिळावेत म्हणून स्वाभिमानीनं पुणे-बंगळुरू महामार्गावर शिरोली पुलाची इथं चक्का जाम केला. शेवटी तडजोड झाली. ज्या कारखान्यांनी 3,000 रुपयांपेक्षा कमी दर दिला होता त्यांनी 100 रुपये आणि ज्यांनी जास्त दिला होता त्यांनी 50 रुपये जादा द्यायचं ठरलं. आधीच्या दरापेक्षा जास्त देण्याची तयारी दबाव आल्यावर दाखवली गेली, हेही त्यातून दिसलं.

या हिशेबात कोण नाही?

ही सगळी चर्चा ऊस उत्पादकाची आहे. बीड आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून येणारा ऊसतोड कामगार याच साखळीत राबतो, पण तो सभासद नसतो. कारखान्याच्या निवडणुकीत त्याला मत नसतं. सभासदत्व नसलेल्या ऊस उत्पादकाचंही तसंच. त्यामुळे सहकारातली लोकशाही नेमकी कुणाची, हा प्रश्न उरतोच.

सभासदानं काय तपासावं?

ज्या खुणा संशोधकांनी शोधल्या, त्यातल्या काही सभासदालाही पाहता येतात. वार्षिक सर्वसाधारण सभेआधी अहवाल मिळतो. त्यात ताळेबंद, गाळप, उतारा आणि खर्च असतो. मागच्या दहा वर्षांचे अहवाल काढून या चार गोष्टी एका कागदावर मांडता येतील:

1. दरवर्षी दिलेला अंतिम दर, आणि तितकाच उतारा असलेल्या शेजारच्या कारखान्याचा दर.
2. टनामागे प्रक्रिया खर्च किती आणि तो कोणत्या वर्षी अचानक वाढला.
3. कर्ज किती वाढलं आणि ते कशासाठी घेतलं.
4. विधानसभा, लोकसभा आणि कारखान्याच्या निवडणुकीची वर्षं.

चौथ्या ओळीतली वर्षं पहिल्या तीन ओळींशी जुळवून पाहायची. एका वर्षाच्या फरकावरून काही ठरत नाही. पण दर निवडणुकीला तेच घडत असेल, तर सर्वसाधारण सभेत हात वर करून प्रश्न विचारायला तेवढं पुरेसं आहे. "मंजूर, मंजूर"च्या गजरात सभा दहा मिनिटांत गुंडाळली गेली, तर मात्र तो प्रश्न पुढच्या हंगामापर्यंत तसाच राहतो.