अनिवार लैंगिक वर्तन : निदान व उपचार

लैंगिक कृतीची तीव्र ऊर्मी वारंवार उसळणे, ती आवरण्याचे प्रयत्न फसत राहणे आणि त्यापायी प्रकृती, कामधंदा व घर यांची आबाळ होणे, अशी ही मानसिक अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तीत ही अवस्था ऊर्मी-नियंत्रणाच्या विकारांत मोडते. निदानासाठी हे वर्तन साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकलेले असावे लागते.

निदान : कामेच्छा अधिक असणे, हस्तमैथुन करणे किंवा समलिंगी आकर्षण वाटणे हा आजार नव्हे. निव्वळ पापभावनेतून आलेली अस्वस्थता निदानाला पुरत नाही. ताबा सुटला आहे का, हे पाहावे लागते. लाज आणि आजार यांची गल्लत दूर करण्याचे काम महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून (1927–53) केले. हस्तमैथुन व समलैंगिकता यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उघड उत्तरे दिली. त्यावरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

उन्मादावस्था, व्यसन किंवा कंपवातावरील प्रामिपेक्झोलसारखी औषधे यांमुळेही असे वर्तन उद्भवू शकते. म्हणून आधी मूळ कारण शोधतात. औषधामुळे त्रास होत असल्यास ते परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी.

मानसोपचार : बोधात्मक वर्तनोपचारात रुग्ण रोजची नोंद ठेवतो : ऊर्मी किती वाजता आली, कुठे, त्याआधी मनात काय चालले होते, पुढे काय घडले. काही आठवड्यांत नोंदींतून साखळी दिसू लागते. उदाहरणार्थ, ऑफिसात बोलणी खाल्ली, रात्री एकटेपणा आला, अंथरुणात फोन हाती घेतला. मग एकेक कडी तोडायची : फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, झोपेची वेळ पाळायची, ऊर्मी चढून ओसरेपर्यंत थांबायला शिकायचे. स्वीकार व बांधिलकी उपचारपद्धतीत ऊर्मीशी झगडण्याऐवजी तिची दखल घेऊन आपल्याला मोलाचे वाटते ते करत राहण्याचा सराव देतात. जोडीदाराची तयारी असल्यास दोघांचे समुपदेशनही करतात.

औषधे : केवळ या विकारासाठी मान्यता मिळालेले औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असल्यास सेरोटोनिन वाढवणारी नैराश्यरोधके देतात; व्यसनांच्या उपचारांतले नाल्ट्रेक्झोनही वापरतात. पोलंडमध्ये पॅरोक्सेटिन आणि नाल्ट्रेक्झोन यांची 73 पुरुषांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. तरी एकूण पुरावा अजून तुटपुंजा आहे. पुरुषी संप्रेरके दाबणारी औषधे फक्त गंभीर धोका असलेल्या रुग्णांना, संमतीने व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात.

मदत : उपचारांची माहिती गोपनीय राहणे हा 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. ज्याला हे घरात कुणापाशी बोलता येत नाही, त्याला टेलि-मानस सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.