प्रॅक्टिकल नर्सचे अनुज्ञापत्र आणि ज्ञानाची सीमा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९०३ साली केला. या आरंभीच्या कायद्यांनी संरक्षण दिले ते अभिधानास, कामास नव्हे. नोंदणी नसलेल्या स्त्रीस ‘नोंदणीकृत परिचारिका’ म्हणवून घेता येत नसे. परंतु वेतन घेऊन शुश्रूषा करण्यास तिला प्रत्यवाय नव्हता. घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या ‘प्रॅक्टिकल नर्स’च्या वर्गास या शिथिलतेने वाव मिळाला. मिसिसिपीने १९१४ साली या वर्गासाठी कायदा केला. तथापि मूलगामी पालट घडविला तो न्यूयॉर्कच्या १९३८ च्या कायद्याने. मोबदला घेऊन शुश्रूषा करणारास अनुज्ञापत्र अनिवार्य ठरवून त्याने दोन श्रेणी मान्य केल्या. महायुद्धातील मनुष्यबळाच्या टंचाईमुळे त्याची पूर्ण अंमलबजावणी मात्र लांबली.

श्रेणी दोन मानल्या, की त्यांमधील सीमा ज्ञानाच्या परिभाषेत सांगणे प्राप्त होते. नाडी, श्वसन व तापमान यांतील बदल टिपून वरिष्ठांस कळविणे हे प्रॅक्टिकल नर्सचे कर्तव्य, आणि त्यांवरून शुश्रूषेची योजना आखणे हे नोंदणीकृत परिचारिकेचे, अशी विभागणी रूढ झाली. परंतु कोणता बदल कळविण्याजोगा आहे हे ओळखण्यास शरीरक्रियेचे व रोगाचे ज्ञान लागतेच. ‘केवळ निरीक्षण’ ही कल्पना येथेच डळमळीत होते.

१९८२ साली परीक्षेस ‘एनक्लेक्स’ हे रूप मिळाले, आणि १९९४ पासून उमेदवाराच्या उत्तरांनुसार संगणक पुढील प्रश्न निवडू लागला. मापनाचे तंत्र असे सूक्ष्म झाले. परंतु कायद्याने आखलेली सीमा रुग्णाच्या खाटेशी पुसट होते, हा पेच कोणत्याही परीक्षेने सुटलेला नाही.