ऑटिझम, डिस्लेक्सिया, एडीएचडी : कामावर सांगावं की नाही?

चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत आपली कितीतरी मुलं कामाला आहेत. कुणाला डिस्लेक्सिया असतो, कुणाला ऑटिझम, कुणाला एडीएचडी. शाळेत प्रमाणपत्र दाखवलं की दहावीला जादा वेळ मिळतो. कंपनीत तेच प्रमाणपत्र काढायची भीती वाटते. लोक वेडा म्हणतील, ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. ही भीती आम्ही खोटी मानत नाही. म्हणूनच आधी कायदा पाहू.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे. ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता त्यात नावानिशी आहे. एडीएचडीचं नाव नाही. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. 17 डिसेंबर 2021 रोजी सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो.

न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का?

नाही. स्वतःहून सांगण्याची सक्ती या कायद्यात नाही. पण फॉर्मवर विचारलं असताना ‘नाही’ लिहून सही केली, तर ते खोटंच, आणि पुढे ते अंगाशी येतं. औषधाने झोप येत असेल आणि हातात प्रेस मशीन किंवा फोर्कलिफ्ट असेल, तर सांगायलाच हवं. तिथे शेजारच्याचा जीव आपल्याकडे अमानत असतो.

सांगायचं तर कसं?

- आधी निदान नाही, गरज सांगा : ‘सूचना एकदा वाचून दाखवा’, ‘शिफ्ट बदलली तर आदल्या दिवशी कळवा’, ‘आवाजासाठी इअरमफ द्या’. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.
- भागलं नाही, तर एचआरला लेखी अर्ज द्या आणि पोच ठेवा. टपरीवर सुपरवायझरच्या कानात सांगू नका. ठेकेदाराकडून लागला असाल तर त्यालाही प्रत द्या.
- यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो.
- दाद राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे मागता येते. कार्यालय पुण्यातच आहे.

आमचं मत

काम नीट चाललं असेल तर घाई नको. घरच्यांशी, डॉक्टरांशी मशवरा करा. पण चुकांवरून मेमो येऊ लागले तर गप्प बसू नका. काढून टाकल्यावर कारण सांगण्यापेक्षा, नोकरी हातात असताना दिलेला एक लेखी अर्ज जास्त वजनदार असतो.